गुलाल गिळलेली करवत

माझ्या दिरानं मशीनचं रंगीत पत्रक बंबात घातलं, त्याच बंबाच्या पाण्यानं अंघोळ केली, कपाळाला विभूती ओढली आणि काही घडलंच नाही अशा थाटात चहाला येऊन बसला. वय अठ्ठावन्न, वागणं आठ वर्षांचं. मी या घरात लग्न करून आले तेव्हा तो खरोखरच आठ वर्षांचा होता, आणि तेव्हाही असाच होता. पाटी हरवली की म्हणायचा, म्हशीनं खाल्ली.

"वीरभद्रा, कागद कुठाय?"

"कसला कागद?"

"शशिधरानं जयसिंगपूरास्नं आणलेला. करवतीच्या मशीनचा."

"वाऱ्यानं गेला आसंल की."

"वारा बंबात शिरला व्हय रं?"

त्यानं चहा बशीत ओतला आणि फुंकर मारत बसला. मी त्याच्या उजव्या बाजूला उभी होते. चटणी-भाकरीचं ताट त्याच्या उजव्या खांद्याजवळ धरलं, आणि मुद्दामच काही बोलले नाही. ताट तसंच हवेत राहिलं. वीतभर अंतरावर भाकरी, आणि याला पत्ता नाही. शेवटी मीच खाकरले, तेव्हा दचकून मान वळवली आणि म्हणतो, "द्या की वैनी, कवाधरनं हात पुढं करतोय."

कुठला हात! उजव्या डोळ्यानं त्याला दिसत नव्हतं. वर्षभर मी बघत होते. सुईत दोरा नातीकडनं ओवून घ्यायचा. लाकडं फोडताना कुऱ्हाड ओंडक्याच्या कडेला बसायची. गेल्या चैत्रात त्यानं वळणावरच्या आंब्याची भलतीच फांदी तोडली, कैऱ्यांनी लगडलेली, आणि सगळ्या गावाला सांगत सुटला की तिला कीड होती. माणसाचं एखादं झाकलेलं असतं, ते चारचौघांत उघडं करू नये. पण या वर्षीही तो झाडावर चढणार म्हणत होता, आणि झाडावर चढणाऱ्याचा एक डोळा झाकलेला असून चालत नाही.

झाडाचं काय ते सांगते. चैत्राच्या पौर्णिमेला जोतिबाच्या डोंगरावर गावोगावच्या सासनकाठ्या जातात. आमच्या गावची काठी पस्तीस फुटांची, वरपासून खालपर्यंत कापडानं मढवलेली. देवळापुढं उभी केली की हमरस्त्याला लागेपर्यंत ती उभीच गेली पाहिजे. वाटेत फांदीला अडली, तिरकी करावी लागली, तर शेजारची गावं पुढच्या चैत्रापर्यंत विचारत बसतात, "काय पावणं, औंदा काठीला चक्कर आलती म्हनं?" त्या वाटेवर चौदा झाडं आहेत. त्यांच्या फांद्या उतरवून वाट मोकळी करायचा मान आमच्या घराचा. आम्ही लिंगायत, पण मानाला जात नसते. माझे मालक होते तोवर ते खाली उभं राहून सांगायचे आणि वीरभद्र वर कुऱ्हाड चालवायचा. मालक गेल्यावर वर-खाली दोन्ही तोच. त्याची बायकोही लवकर गेली, मूलबाळ नाही. वर्षाचे बाकीचे दिवस हा माणूस घरात कुठं आहे कळत नाही. ते आठ-दहा दिवस मात्र गाव त्याच्याकडं मान वर करून बघतं.

मीही बघितलंय. ब्याण्णव सालची गोष्ट. काठी उभी झाली, हलगी सुरू झाली, आणि वाऱ्यात गुरांच्या पाण्याच्या हाळावरच्या चिंचेची एक फांदी मोडून दुसरीत अडकली. बरोबर वाटेवर. वीरभद्रानं चप्पल काढली, कुऱ्हाड कमरेला मागं खोचली आणि वर गेला. गेला म्हणजे काय, खारीला वाटलं असतं आपलंच कुणीतरी आहे. चार घावांत मोडकी फांदी खाली, दोन घावांत दुसरी मोकळी. काठी त्या चिंचेतनं अशी गेली, सुईच्या नेढ्यातनं दोरा जावा तशी. एक पान हललं नाही. माझ्या अंगावर काटा आला होता. आता सांगताना पण आलाय.

तर शशिधर, माझा मुलगा, म्हणत होता, "काकांना आता वर चढवायला नको, हलकं मशीन घेऊ. साडेतीन किलोचं हाय. फांद्या काढायलाच केलेलं हाय." आणि वीरभद्र म्हणत होता, "आदी मशीन घ्या, मग मला बी गोठ्यात बांधा." घेणार की नाही ते ठरवणार मी. मी तिसरी नापास आहे, पण या घरात अजून माझ्यावाचून कुळव पण बदललेला नाही.

"बघितल्याबिगर मी घोडं घेत न्हाय," मी सांगितलं. "त्या मशीनवाल्याला गावात बोलीव. चिंचंवर चालवून दावू दे."

मशीनवाला हंबीरराव पाडव्याच्या आधी आठ दिवस आला, मोटारसायकलवर, पोत्यात गुंडाळलेलं मशीन पुढ्यात घेऊन, तान्ह्या पोराला घेतात तसं. दुपारी बाराला परत निघणार म्हणाला, दुसऱ्या गावाला शब्द दिलाय. पोतं सोडलं, आणि मला हसूच आलं. नारिंगी रंगाचं एवढंसं धूड. पुढं हातभर पट्टी, तिच्याभोवती दातेरी साखळी.

"ह्ये चिंच तोडणार? ह्यानं माझी शेवग्याची शेंग तुटायची न्हाय."

"उचलून तर बघा अक्का."

उचललं. आमच्या कुऱ्हाडीपेक्षा दोन मुठी जड असेल, जास्त नाही. वीरभद्र लांब हाळाच्या कट्ट्यावर बसून तंबाखू मळत होता. बघत नव्हता, असं दाखवत होता.

चिंचेला आदल्या संध्याकाळी विचारून ठेवलं होतं. ही आमच्या घरची रीत. बुंध्याशी सुपारी ठेवायची, हात लावायचा आणि म्हणायचं, उद्या येतो, चार फांद्या नेतो, राग धरू नको. सुपारी वीरभद्रानंच ठेवली होती. मशीनला त्याचा विरोध होता, चिंचेला नव्हता.

ट्रॅक्टरची ट्रॉली झाडाखाली लावली. रस्त्यावर आलेली सगळ्यात खालची फांदी, मांडीएवढी जाड, ट्रॉलीत उभ्या शशिधरच्या छातीला येत होती. हंबीररावानं त्याला बजावलं, "दोनी हातांनी घट धरायचं, खांद्याच्या वर उचलायचं न्हाय, आन् पट्टीच्या टोकानं काय बी कापायला जायचं न्हाय, उसळी मारतंय." मी मशीनला विभूतीची तीन बोटं ओढली. मग शशिधरनं दोरी ओढली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा, आणि ते एवढंसं धूड असं ओरडलं की हाळावर पाणी पिणारी म्हैस दावं तोडून पळाली.

मी कानावर पदर घेतला. साखळी फिरायला लागली की दात दिसतच नाहीत, नुसती एक चकाकी राहते. आधी शशिधरनं मनगटाएवढ्या एका डहाळीला पट्टी टेकवली. टेकवली म्हणते, कारण घाव म्हणून काही नव्हताच. पट्टी टेकली, आणि डहाळी खाली. आमचा माणूस जिथं आठ घाव घालतो तिथं श्वास घ्यायला लागेल एवढाच वेळ. खाली पडलेला तुकडा मी उचलला. कुऱ्हाडीनं तोडलेलं लाकूड उंदरानं कुरतडल्यासारखं असतं. हे म्हणजे आरसा. तळहात ठेवला तर कोमट लागलं. बाहेर पिवळसर लाकूड आणि मधोमध जांभळा-काळा गाभा, कुणी शाईचं बोट टेकवावं तसा. पन्नास वर्षं या झाडाची चिंच मी आमटीत घातली, आणि तिच्या पोटात हा रंग आहे हे मला माहीतच नव्हतं. शिवशिवा! मी तोंडात बोट घालून तशीच उभी राहिले.

शशिधरनं मोठ्या फांदीला हात घातला. खालनं पट्टी लावली. भुसा असा उडायला लागला, जणू गिरणीतलं पीठ. निम्मी फांदी कापत आली, आणि मला राहवलं नाही. जोतिबाचं काम, पहिलीच वेळ, आणि गुलाल नको? ताटात आणलाच होता. मी ओंजळ भरली, ट्रॉलीजवळ गेले आणि "चांगभलं!" म्हणून मशीनवर उधळली. मी उधळल्यावर गाव थांबतंय व्हय? चारी बाजूंनी गुलाल उडाला. शशिधर गुलाबी, मशीन गुलाबी, हंबीरराव दोन्ही हात हलवत "अवो नगा, अवो नगा" करतोय तोही गुलाबी.

मशीन खोकलं. म्हाताऱ्याला ठसका लागावा तसं. पुन्हा खोकलं, आणि गप झालं.

आणि त्याच क्षणाला फांदी कुरकुरली, शेंड्याच्या वजनानं जरा खाली आली, आणि कापलेली फट मिटली. पट्टी आत, लाकडाच्या जबड्यात. शशिधरनं ओढून बघितलं. हंबीररावानं ओढून बघितलं. हलायला तयार नाही.

"मालकाचं मशीन हाय अक्का," हंबीरराव रडकुंडीला आला. "पट्टी वाकली तर माझी नोकरी जातीया. अवो, गुलाल कोण टाकतंय मशीनवर? त्येला श्वास लागतोय!"

"मशीनला श्वास?"

"लागतोय म्हंजे! हवा वडतंय त्ये. तुमी त्येच्या नाकात मूठभर गुलाल घाटला."

मला माझ्या चुकीची लाज वाटायला हवी होती. वाटली, पण नंतर. आधी वाटलं ते नवल. लोखंडाचं धूड, ते पेट्रोल पितं हे कळतं, पण श्वास घेतं? देवाच्या नावानं मी त्याचा श्वास कोंडला होता.

हाळाच्या कट्ट्यावरनं वीरभद्र उठला. तंबाखू झटकली. कुऱ्हाड कमरेला मागं खोचली आणि चप्पल काढली.

"सरका," तो म्हणाला. "शेंडा जड झालाय. वरच्या फांदीवर जातो, तिथनं शेंड्याच्या डहाळ्या उतरतो. वजन गेलं की फट उघडंल."

लोक लगेच सरकले. "अण्णा चढतोय, अण्णा चढतोय!" हलगी असती तर कुणीतरी वाजवली असती. वीरभद्राच्या तोंडावर असं काही आलं, जे मी ब्याण्णव सालानंतर बघितलं नव्हतं. त्यानं बुंध्याची खोबण धरायला हात घातला, आणि हात खोबणीच्या चार बोटं उजवीकडं, कोऱ्या सालीवर पडला. चाचपून मग त्याला खोबण सापडली. कुणी बघितलं नाही. मी बघितलं.

आता काय करू? "तुला दिसत न्हाय" असं म्हटलं तर तो खाली उतरेल, पण गावाच्या नजरेतनंही उतरेल. काही बोललेच नाही तर कुठल्या फांदीनं उतरेल ते चिंचेलाच माहीत. असं अडलं की माझी जीभ आपोआप चालते.

"थांब!" मी ओरडले. "गुलाल कुणी टाकला?"

"तुमी," तो म्हणाला.

"चूक कुणाची?"

"आता तुमचीच की वैनी."

"मग निस्तरायला मी जाते. सरक बाजूला." आणि मी कासोटा घट्ट केला, पदर खोचला आणि बुंध्याच्या खोबणीत पाय घातला. चौसष्टावं वर्ष, गुडघे पावसाळ्यात कुरकुरणारे. पण पाय घातला तो घातला.

वीरभद्रानं माझा दंड धरला. "वैनी, खुळ्या झालासा का? पडलासा म्हंजे?"

"तू न्हाय व्हय पडत?"

"मी गेली चाळीस वर्सं चढतोय!"

"मी चाळीस वर्सं खालनं बघतीया. मला बी आलं आसंल की एवढ्यात."

"उतरा आदी!"

"न्हाय उतरत. मी चढू नये वाटत आसंल तर खालनं मोकळी करायची युगत सांग. हाय तुझ्याकडं युगत, का नुसतीच कुऱ्हाड हाय?"

लोक हसले. तो रागानं लाल झाला. माझा दंड त्यानं सोडला नाही, मी पाय काढला नाही. तसाच उभा राहून त्यानं मान मागं टाकली आणि झाडाकडं बघायला लागला. डावा डोळा उघडा, उजवा मिटलेला, नेम धरतात तसा. किती वेळ बघत होता कुणास ठाऊक. मग शांतपणे म्हणाला, "शशी, नाडा आण. वरच्या बेचक्यातनं टाक. न्हाय, ती नव्हं, डावीकडची. दगूड बांधून फेक. टोक फांदीच्या मधल्या गाठीला बांध. आता सगळ्यांनी वडा. हळू. हळू रं, बैल न्हाय त्यो."

दहा जणांनी नाड्याचा तो जाड दोर ओढला. फांदी उचलली, बोटभर. मिटलेली फट उघडली, आणि मशीन अलगद शशिधरच्या हातात आलं, आईच्या हातातनं मूल यावं तसं. हंबीररावानं पट्टी डोळ्यासमोर धरून बघितली आणि जोतिबाच्या डोंगराच्या दिशेनं हात जोडले.

आता मशीनचा श्वास. माझी सून शांभवी वारणानगरची, तिचे वडील साखर कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये. घरात ती हळू बोलते म्हणून मी तिला मुकी म्हणत आले. तिनं काही न बोलता मशीनचं वरचं झाकण काढलं, आतली जाळी बाहेर घेतली, आणि तळहातावर आपटली. गुलाबी भुकटी पडली. जुन्या दात घासायच्या ब्रशनं पेट्रोलमध्ये ती धुतली, फुंकली, उन्हात धरली. आरपार ऊन दिसलं.

"ह्ये त्याचं नाक, अक्का," ती म्हणाली. "रोज साफ करायला लागतंय."

"तुला कुठनं कळतंय ग ह्ये?"

"मला कुणी इचारलंच न्हाय कवा."

मी जाळी पदरानं कोरडी करून तिच्या हातात दिली. सुनेच्या हाताखाली मी, असं वर्षातनं एकदा होतं.

दोरी ओढली. मशीन ओरडलं. शशिधर आता वरनं पट्टी लावणार तेवढ्यात खालनं वीरभद्राचा आवाज आला, कुऱ्हाडीसारखा. "वरनं नगं! ती चीर सोड, आदी हातभर फुडं खालनं नुसता चिमटा घे. हां. चार बोटं कापलंस की थांब. आता वरनं, चिमट्याच्या जरा भायेर."

"कशापायी?" हंबीररावानंच विचारलं.

"खालनं निम्मी कापली की फट मिटतीया, आन् वरनं एकदम काढली की फांदी पडताना बुंध्याची साल सोलत जातीया. झाडाला जखम व्हतीया. कुऱ्हाडीला बी हीच रीत, मशीनला काय येगळी आसणार?"

फांदी खाली आली. सरळ, एकदाच, धप्प. बुंध्याची साल एवढीसुद्धा फाटली नाही. मग बुंध्याजवळ राहिलेलं थुटूक त्यानं वेगळं कापायला लावलं, आणि जखमेवर शेणमातीचा लेप दिला. वरच्या फांद्यांना शशिधर कमरेला दोर बांधून चढला, आणि बारापर्यंत चिंच झाली. ज्या झाडाला दीड दिवस लागायचा, ते एका सकाळीत. पण सगळा वेळ मी मशीनकडं कमी आणि त्याच्या हाताकडं जास्त बघत होते. तो बोट दाखवायचा आणि मशीन तिथं जायचं. कुठली ठेवायची, कुठली काढायची, कुठल्या फांदीनं वारा अडेल, कुठल्या फांदीवर घार बसते. मशीनला नुसतं कापता येत होतं. एवढं जोरात ओरडणारं ते, पण बिनडोक्याचं.

हंबीरराव पोत्यात मशीन गुंडाळायला लागला. लोक पांगले. वीरभद्र मात्र रस्त्याच्या मधोमध उताणा झोपला. दर वर्षी शेवटी तो असाच झोपतो, खालनं बघायला, काठी जाईल का. बायकांनी तसं झोपायचं नसतं, म्हणून मी कधी बघितलं नव्हतं.

"वैनी," त्यानं हाक मारली. "आज बघा की. कोण न्हाय."

मी इकडं तिकडं बघितलं. हंबीरराव पाठमोरा पोत्यात गुंतला होता. मग पदर डोक्यावर घेतला आणि चौसष्ट वर्षांची मी, धुळीत, त्याच्या शेजारी उताणी झोपले.

शिवशिवा. काय सांगू. दोन्ही बाजूंनी चिंचेचं बारीक बारीक हिरवं, जाळीदार, आणि मधोमध एक लांबट दार. निळं. त्या दारात कुठं एक डहाळी नव्हती, एक पान लोंबत नव्हतं. कडेची पानं हलत होती, दार हलत नव्हतं. खाली रस्त्यावर उभं राहून ते दिसत नाही. जिथं काही नाही ते त्यानं कोरलं होतं. चाळीस वर्षं हा माणूस दर चैत्रात आभाळाला दार करत होता, आणि मी त्याला लाकूडतोड्या समजत होते. माझ्या डोळ्यांतनं पाणी आलं. मी ते पुसलं नाही, भुसा गेला म्हणता आलं असतं.

"जाईल काठी?" त्यानं विचारलं. "वैनी, खरं सांगा. मला उजवीकडचं... उजवीकडची कड नीट कळंना झालीया."

एवढं तो स्वतःहून बोलला. मी आभाळातनं नजर काढली नाही. हंबीररावाला ऐकू जावं एवढ्या मोठ्यानं नाही, पण वीरभद्राला नीट ऐकू जाईल असं, माझ्या नेहमीच्या आवाजात सांगितलं:

"जाईल. पान हलायचं न्हाय. आता ऐक. मशीन घ्यायचं. चालवायचं शशीनं, त्येचं नाक धुवायचं शांभवीनं, आन् कुठली फांदी त्ये तू सांगायचं, हितनं, जमिनीवरनं. बुंध्याला पाय लावलास तर मी तुझ्या आदी चढंन, सांगून ठेवते. आन् उद्या पैल्या एस्टीनं मिरजेला जायाचं, डोळा दावायला. मी येते संगं. बंबात कागद घालणाऱ्याला एकटं सोडत नसतात."